सहाव्या दिवशीचा नकार

प्रभावती ओव्हाळ यांची आणि माझी पहिली ओळख माझ्याच चुकीवरून झाली. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचं वकीलपत्र मी टाइप करून नेलं होतं. पत्त्यात 'जे ब्लॉक'च्या जागी 'जी ब्लॉक' पडलं होतं. मालकांनी ते वाचलं नाही, मी तर वाचलंच नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाईंनी कागद हातात घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि त्या अक्षराखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारली.

"हे तेवढं नीट करून आणा, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "सही मग करू."

मला राग आला होता. मोरवाडीच्या कोर्टात अठरा वर्षं वकिली केलेली, राजगुरुनगरपासून आकुर्डीपर्यंतचे अशील, आणि वर्कशॉपमधली एक कारकून मला अक्षरं शिकवतेय. पुढच्या दीड वर्षात त्या बाईंनी मला जे शिकवलं, ते मला कुठल्याही लॉ कॉलेजात मिळालं नव्हतं.

वर्कशॉप सोपानराव येळवंड्यांचं. मूळचे निघोज्याचे, शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी गाडी-बंगला केला नाही, भोसरीत शेड घेतली आणि वेल्डिंगची फिक्स्चर बनवायला सुरुवात केली. फिक्स्चर म्हणजे जोडायचे पत्रे जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारा लोखंडी साचा. सोपानरावांना त्यातलं मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत कळायचं. कागदातलं काही कळायचं नाही, आणि ते तसं कबूल करायचे. कागद म्हणजे प्रभाताई.

प्रभाताईंचे वडील कोंडीराम पिंपरीतल्या एका कारखान्यात कामगार होते. भोसरीत भाड्याची एक खोली, पाच माणसं. प्रभाताई आठवीत असताना एकदा कोंडीरामांच्या हातात कारखान्यानं इंग्रजी नोटीस ठेवली. तीन दिवसांत उत्तर द्या, नाहीतर आरोप मान्य आहे असं समजू, असं तीत लिहिलेलं होतं. पण तीन दिवसांचं कलम शेवटच्या ओळीत होतं आणि चाळीत ते कोणालाच वाचता आलं नाही. कोंडीराम दोन दिवस नोटीस खिशात घालून फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं शाळेतून शब्दकोश मागून आणला आणि एकेक शब्द लावत शेवटच्या ओळीपर्यंत पोचली. दुपारच्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत उत्तर टाइम ऑफिसात गेलं. नोकरी वाचली. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

बी.कॉम. त्यांनी बाहेरून केलं, टायपिंगची परीक्षा दिली, आणि सोपानरावांकडे डिस्पॅचला लागल्या. तिथे त्यांची गाठ एलसीशी पडली.

एलसी म्हणजे पतपत्र. विकणाऱ्याला खरेदीदाराचा भरवसा नसतो, म्हणून खरेदीदाराची बँक मध्ये पडते आणि लिहून देते: अमुक कागद, अमुक मुदतीत, मी सांगितल्याप्रमाणे आणून द्या, पैसे मी देईन. खरेदीदार देवो न देवो, मी देईन. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. कागदात खोट निघाली तर माल सोन्याचा असला तरी बँक हात वर करू शकते. जगभरच्या बँका यासाठी एकच नियमावली मानतात, तिला यूसीपी म्हणतात. तिच्यात एकोणचाळीस कलमं आहेत. प्रभाताईंनी ती सगळी कलमं वहीत मराठीत उतरवून काढली होती. प्रत्येक कलमाखाली आपल्या वर्कशॉपचं एक उदाहरण. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी त्याचे पैसे दिले नव्हते.

आता जे घडलं ते सांगतो.

चाकणजवळ ट्रॅक्टरच्या केबिन बनवणारी एक कंपनी होती. तिनं सोपानरावांना सहा मोठ्या फिक्स्चरची ऑर्डर दिली. रक्कम सव्वा कोटीच्या घरात. इतकी मोठी ऑर्डर त्या शेडमध्ये आधी कधी आली नव्हती, म्हणून प्रभाताईंनीच एलसीचा आग्रह धरला. कंपनीच्या बँकेनं एलसी दिली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की कागद बँकेच्या चिंचवड शाखेत सादर करायचे.

माल वेळेत गेला. आठ फेब्रुवारीला, गुरुवारी, प्रभाताई कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसनं चिंचवडला गेल्या. काउंटरवरच्या माणसानं फाइल घेतली. नुसत्या पोचपावतीवर त्या समाधानी नव्हत्या. आपल्या प्रतीच्या प्रत्येक पानावर शिक्का मारा म्हणाल्या, शिक्क्याखाली सही आणि वेळही घाला म्हणाल्या. तो माणूस कुरकुरला, पण बाई हलेनात. अकरा पानं, अकरा शिक्के, वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

त्यानंतर बँक गप्प बसली. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, ईमेल आला. कागदांत तीन दोष आहेत, म्हणून बँक एलसी वटवायला नकार देत आहे.

पहिला दोष, बिलावरचा वर्कशॉपचा पत्ता एलसीतल्या पत्त्याशी तंतोतंत जुळत नाही. दुसरा, एलसीत 'फिक्स्चर' एकवचनी आहे आणि बिलात अनेकवचनी. तिसरा, पॅकिंग लिस्टच्या सही केलेल्या तीन प्रती मागितल्या होत्या, त्यांतल्या तिसऱ्या प्रतीवर सही नाही.

मला बोलावणं आलं ते त्याच दिवशी, आणि वकीलपत्राची गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी. दुरुस्त केलेला कागद घेऊन मी परत गेलो तेव्हा सोपानराव टेबलामागे सुन्न बसले होते. चाकणच्या कंपनीचा कारभार डबघाईला आल्याची कुणकुण तोवर सगळ्या एमआयडीसीत पसरली होती. बँकेला माहीत होतं की आपण पैसे दिले तर कंपनीकडून ते परत मिळणार नाहीत. म्हणून कागदांवर भिंग धरलं होतं.

प्रभाताई उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक लिफाफा होता. तो त्यांनी सोपानरावांसमोर ठेवला.

"आण्णा, पहिले दोन दोष खोटे आहेत," त्या म्हणाल्या. "पत्त्यातला किंवा एकवचन-अनेकवचनाचा एवढा फरक नियमात दोष धरत नाहीत. तिसरा खरा आहे. तिसरी प्रत दुसरीला चिकटली होती. मी मोजल्या तीन, पण उलटून पाहिल्या नाहीत. हा माझा राजीनामा."

सोपानरावांनी लिफाफा उघडलाच नाही. मग तो बाजूला सरकवत म्हणाले, "बाई, तीस वर्सांत एक कागुद चुकला. माज्या हातनं तर रोज एक जॉब भंगारात जातोय. आदी बँकेचं बगू. तुमी गेल्याव मला ह्यातलं काय कळनार हाय?"

त्या पुन्हा जागेवर बसल्या. डोळे पुसलेले मी पाहिले नाहीत, पण चष्मा दोनदा पुसला.

मी माझ्या परीनं सल्ला दिला. माझं डोकं चेकच्या खटल्यांमध्ये तयार झालेलं. मी म्हटलं, तिसऱ्या प्रतीचं आपण मान्यच करायचं नाही. कागद बँकेच्या ताब्यात आहेत, सही नव्हती हे त्यांनी सिद्ध करावं. आणि जोडीला मालाचे फोटो लावू, कंपनीच्या इंजिनिअरनं माल पास केल्याचं पत्र लावू, म्हणजे कोर्टाला कळेल की आपली बाजू खरी आहे.

प्रभाताईंनी मला पूर्ण बोलू दिलं. नंतर त्या म्हणाल्या की मालाचं नावही काढायचं नाही. आपण माल कोर्टात नेला की कंपनीही माल कोर्टात आणेल, हा बोल्ट ढिला, तो रंग उडाला म्हणून. पंधरा वर्षं खटला चालेल. एलसीचं बळ हेच की तिथे मालाचा वाद शिरत नाही. आपणच कशाला दार उघडायचं?

"आणि तिसऱ्या प्रतीचं?" मी विचारलं.

"ते लिहून द्यायचं. सही नव्हती असं."

"ताई, मग केस उरतेच कुठे?"

त्यांनी वही उघडली, सोळावं कलम काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. बँकेला कागद तपासायला पाच कामाचे दिवस मिळतात. नकार द्यायचा तर त्या पाच दिवसांच्या आत, एकाच पत्रात, सगळे दोष सांगून द्यायचा. तो दिवस चुकला, तर कागद सदोष आहेत असं म्हणण्याचा हक्कच बँक गमावते. मग दोष खोटा असो की खरा.

त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. गुरुवारी कागद दिले, तो दिवस धरायचा नाही. शुक्रवार एक. शनिवार महिन्यातला दुसरा, बँक बंद. रविवार बंद. सोमवार दोन, मंगळवार तीन, बुधवार चार, गुरुवार पाच. नकार आला शुक्रवारी सकाळी. सहावा दिवस.

मी ते कलम तीनदा वाचलं. मला वाटत होतं की हे नियम बँकांनी बँकांसाठी केलेले, छोट्या माणसाला एका सहीवरून अडवण्यासाठी. आणि त्याच नियमावलीत, त्याच काटेकोर भाषेत, बँकेच्या मानेवरही तेवढंच जोखड ठेवलेलं होतं. आपण अक्षर चुकलो तर पैसे गेले. ते दिवस चुकले तर त्यांचा बहाणा गेला.

"खोटं लिहून दिलं, तर माझ्या शिक्क्यांवर कोण विश्वास ठेवेल, वकीलसाहेब?" प्रभाताई म्हणाल्या. "आपल्याकडे तेवढं एकच आहे."

आम्ही बँकेला नोटीस पाठवली. उत्तर आलं ते असं: चिंचवडची शाखा नुसते कागद स्वीकारते, तपासणी मुंबईच्या कार्यालयात होते, तिथे फाइल सोमवारी पोचली, म्हणून पाच दिवस सोमवारपासून मोजायचे. तसं मोजलं तर शुक्रवारचा नकार मुदतीत बसत होता. वाचून माझा धीर सुटला. प्रभाताईंनी एलसीची प्रत पुढे केली आणि एका ओळीवर पेन्सिल ठेवली. कागद कुठे सादर करायचे, तर चिंचवड शाखेत. तिथून मुंबईपर्यंतचा प्रवास हा बँकेच्या घरातला मामला. त्याचे दिवस आपल्या डोक्यावर का?

सोपानरावांच्या मनात बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जायचं होतं, कारण तिथे वकिलाचा खर्च नाही. मी समजावलं की वाद एवढ्या रकमेचा आणि नियमाच्या अर्थाचा आहे, आणि हातात वसूल करता येईल असा हुकूमनामा हवा, तो न्यायालयच देईल. सव्वा कोटीचा व्यवहार म्हणजे व्यापारी न्यायालय, शिवाजीनगरला. दाव्याआधी मध्यस्थीची पायरी कायद्यानं चढावीच लागते. ती चढलो. बँकेकडून कोणी आलंच नाही. मध्यस्थी झाली नाही असा अहवाल मिळाला आणि जुलैत आम्ही संक्षिप्त दावा लावला. अशा दाव्यात प्रतिवादीला आपोआप बचाव करता येत नाही. माझ्याकडे खरंच काही सांगण्यासारखं आहे, असं त्याला आधी न्यायाधीशांना पटवावं लागतं आणि परवानगी मागावी लागते.

दाव्यात प्रभाताईंचं प्रतिज्ञापत्र होतं. दुसऱ्याच परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं की तिसऱ्या प्रतीवर सही नव्हती आणि ती चूक माझी आहे. माझ्या अठरा वर्षांत मी असं प्रतिज्ञापत्र पाहिलं नव्हतं.

मधला काळ वाईट गेला. शेडमधला ओव्हरटाइम बंद झाला, बत्तीस कामगारांपैकी पाच जण दुसरीकडे लागले. चाकणच्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि तिचे सगळे पुरवठादार आपापले दावे घेऊन रांगेत उभे राहिले. कोणाला रुपयात दहा पैसे मिळतील, कोणाला तेही नाहीत, असं लोक म्हणत होते. सोपानराव एकदा माझ्या ऑफिसात येऊन विचारून गेले, आपणही त्या रांगेत जायचं का. मी सांगितलं की आपला देणेकरी कंपनी नाही, बँक आहे. कंपनी बुडाली तरी बँकेनं दिलेला शब्द बुडत नाही. हे वाक्य मी आत्मविश्वासानं बोललो खरं, पण ते माझं नव्हतं, वहीतल्या चौथ्या कलमाखाली लिहिलेलं होतं.

बचावाच्या परवानगीवर सुनावणी झाली ती पुढच्या वर्षी सप्टेंबरात. बँकेचे वकील मुंबईहून आले होते, ज्येष्ठ, पांढरे केस, आवाज असा की छतावरचा पंखाही हळू फिरतोय असं वाटावं. माल सदोष असल्याचं कंपनीचं पत्र त्यांनी वाचलं. न्यायाधीश बाईंनी विचारलं की फसवणुकीचा आरोप आहे का. तसा आरोप नव्हता. मग मालाचं इथे काय काम, असं म्हणून त्यांनी ते पत्र बाजूला ठेवलं. मागच्या बाकावरून सोपानरावांचा मोठा श्वास ऐकू आला.

मग वकिलांनी तिसरी प्रत वर धरली. वादींनी स्वतः मान्य केलं आहे, ते म्हणाले. सही नाही. इतकं स्वच्छ कबूल केल्यावर बँकेनं पैसे द्यायचे कशासाठी?

न्यायाधीश बाईंनी प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं की मूळ शिक्के कोर्टात आहेत का. मी वळलो. प्रभाताई आधीच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी अकरा पानं माझ्या हातात दिली, मी ती पुढे दिली. एकेक पान उलटलं जात होतं. अकरावं पान उलटल्यावर न्यायाधीश बाईंनी बँकेच्या वकिलांना विचारलं, "हा शिक्का तुमच्या शाखेचा नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही, पण तो शिक्का फक्त आवक विभागाचा—"

"आणि ही सही?"

"आमच्याच कर्मचाऱ्याची."

"ज्या बाईंनी स्वतःची चूक न विचारता लिहून दिली, त्यांनी सांगितलेल्या वेळेवर शंका घ्यायला मला कारण दिसत नाही," असं त्या म्हणाल्या. पुढे मोजणी त्यांनी स्वतःच केली, शुक्रवारपासून, कॅलेंडर समोर ठेवून. दुसरा शनिवार त्यांनीही वगळला.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. एलसीत चिंचवड शाखा लिहिलेली असल्यानं दिवस तिथल्या शिक्क्यापासून मोजायचे, नकार सहाव्या दिवशी आला म्हणून दोष सांगण्याचा बँकेचा हक्क संपलेला, बचावात दम नाही, परवानगी नाकारली, पूर्ण रक्कम व्याजासह. पहिले दोन दोष तर, निकालात लिहिलं होतं, नोंद घेण्याच्याही लायकीचे नाहीत. बँकेनं वरच्या न्यायालयात जाण्याची भाषा केली, पण गेली नाही. दिवाळीच्या आत रक्कम जमा झाली.

निकालाच्या दिवशी सोपानरावांना माझ्या पाया पडायचं होतं. मी मागे सरकलो आणि प्रभाताईंकडे हात केला. त्यावर त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बाई," म्हणाले, "मला वाटायचं, लोखंडच तेवढं खरं. कागुद म्हंजी नुस्ता कागुद." प्रभाताईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली.

आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. तिशीतली एक मुलगी, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, नाव स्वरूपा. मुंबईच्या त्या कार्यालयात ती कागद तपासायची आणि निकाल ऐकायला तिला पाठवलं होतं.

"मॅडम, ती तिसरी प्रत मीच पकडली होती," ती प्रभाताईंना म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या जाणत्या माणसाला आपलं काम दाखवावं, तसं ती बोलत होती.

"बरोबर पकडलीत," प्रभाताई म्हणाल्या. "पाच जणांनी बघितली असती तरी सुटली असती. तुम्ही एक दिवस आधी पकडायला हवी होती, एवढंच."

स्वरूपा हसली. म्हणाली की बुधवारीच पकडली होती, पण वरची सही मिळायला शुक्रवार उजाडला. मग तिनं पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. दुसऱ्याच कुठल्या एलसीचा होता, विम्याच्या प्रमाणपत्राची तारीख ट्रकच्या पावतीनंतरची पडली होती, आणि तिला खरंच कळत नव्हतं की हा दोष धरायचा की नाही. दोघी पायरीवर बसल्या. प्रभाताईंनी चष्मा खाली ओढला. मी मध्ये एकदा चहा विचारला. दोघींपैकी कोणालाच ऐकू गेलं नाही.